रिकामं असलं की अडणारं हत्यार

बावीस वर्षं मी एका सर्जनच्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुतली. दवाखाना आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलाच, हायवेला लागून असलेल्या एका गावातला. त्याचं नाव लिहीत नाही. कोणाची बदनामी करायला मी बसलेली नाही. एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर झाली, ती जशी झाली तशी सांगायची आहे. सांगताना राग येतो. तो मी येऊ देणार आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर संग्रामपूरकडचं. लग्न होऊन इकडं आले, नवरा गेला, मग दवाखान्यात झाडूपोछा करायला लागले. तिथं एक जुनी सिस्टर होती, आता ती रिटायर झाली. तिनं मला झाडू ठेवायला लावला आणि हत्यारांच्या मोरीवर नेऊन उभं केलं. म्हणाली, "तुझ्या नजरेतून घाण सुटत नाही, तू इथं पाहिजे."

लोकांना वाटतं धुणं म्हणजे साबण आणि पाणी. हत्यारं धुणं तसं नसतं. धुतलेलं प्रत्येक हत्यार चालवून बघायचं, हे त्या सिस्टरनं मला शिकवलं. कात्री ओल्या गॉजवर, म्हणजे जखमेला लावायच्या जाळीदार कापडावर, चालवायची. गॉज कापला गेला तर कात्री पास, चघळला गेला तर धारेला बाजूला. सुई धरायच्या चिमट्यात टाक्याचा दोरा धरून ओढायचा, निसटला तर चिमटा नापास. मला कोणी पास-नापास करायला सांगितलं नव्हतं, ती माझी पद्धत होती. डॉक्टरसाहेबांना ठाऊक होती, आणि नापास म्हणून मी बाजूला ठेवलेलं हत्यार त्यांनी कधी परत ट्रेत टाकलं नाही. निदान तेव्हा तरी.

मग ते स्टेपलर आलं. वीतभरापेक्षा जरा मोठं, बंद केलं की दोन लांब जबडे एकमेकांवर बसणारं. आतड्याचा सडका तुकडा काढायचा असला की आतडं त्या जबड्यांत धरायचं, दाबायचं आणि बाजूचं बटण अंगठ्यानं पुढं ढकलायचं. एका ढकलीत दोन्ही बाजूंना बारीक पिनांच्या ओळी बसतात आणि मधून सुरी जाते. आतडं तुटतं, पण दोन्ही तोंडं शिवून बंद झालेली असतात. पिना असतात एका लांबट कार्ट्रिजमध्ये, ती जबड्यात बसवायची. एकदा चालवली की ती कार्ट्रिज रिकामी. दुसऱ्या वेळेला दुसरी लावायची.

खोक्यावर सगळं इंग्रजीत होतं. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. दोनचा आकडा होता आणि त्याच्यावर काट मारलेली होती. आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, एक टेक्निशियन होता, चाळिशीचा, हुशार माणूस. त्याला मी विचारलं, "भाऊ, हे दोनावर काट काऊन मारली?"

तो म्हणाला, "मावशी, त्याचा अर्थ हा दोन नंबरचा माल नाही. असली हाये."

जुन्या सिस्टरच्या जागी आलेल्या नव्या सिस्टर तोंडावर हात धरून हसल्या. अर्थ काय होता ते मला पुढं समजलं. एका पेशंटला वापरायचं आणि फेकायचं, दुसऱ्याला नाही. आमच्याकडं ते दुसऱ्याला, पाचव्याला, सातव्याला वापरत. वस्तू महाग आहे म्हणून. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात असं मला सांगितलं गेलं. बऱ्याच ठिकाणी करतात म्हणून ते बरोबर होतं का, असं मी विचारलं नाही. तेव्हा विचारायला पाहिजे होतं, हे मी स्वतःलाही बोलते.

पहिल्यांदा ते माझ्या मोरीवर आलं तेव्हा मी धुतलं, पुसलं, आणि सवयीप्रमाणे चालवून बघितलं. आत तीच वापरलेली कार्ट्रिज होती. जबडे मिटले, अंगठ्यानं ढकललं. बटण सुताएवढं सरकलं आणि थांबलं. जोर लावला, तरी जाईना. मला वाटलं मी मोडलं. तसंच घेऊन साहेबांकडं गेले.

साहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "मावशी, बिघडलेलं नाही ते. कार्ट्रिज रिकामी आहे म्हणून अडतंय. आत एक पत्र्याची जीभ आहे. भरलेली कार्ट्रिज असली तर ती बाजूला होते, रिकामी असली तर सुरीला आडवी येते. आता सांगा, रिकामं असताना सुरी पुढं गेली तर काय होईल?"

मी म्हटलं, "कापेल आणि शिवणार नाही."

"मग पोटात काय सांडेल?"

"आतड्यातली घाण."

"आणि पेशंट?"

"मरन."

"पास," साहेब म्हणाले.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते. साहेबांना माहीत होतं. मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्या दिवसापासून स्टेपलर तपासायची माझी रीत उलटी झाली. बाकीची हत्यारं चाललीत की पास, हे एकटं अडलं की पास. धुऊन झालं की मी रिकामी कार्ट्रिज लावायची, ढकलायची, आणि ते अडलं की माझं समाधान व्हायचं. एवढी हत्यारं हातातून गेली, पण चुकीच्या वेळी नाही म्हणणारं दुसरं एकही नव्हतं. कात्रीला तुम्ही कापायला सांगा, ती बोटही कापते.

आता माझी चूक. ती लपवून बाकीच्यांना बोलण्यात अर्थ नाही.

माझ्या घरी दुधाची पिशवीसुद्धा मी धुऊन दोरीवर वाळत घालते. रिकामी झालेली वस्तू धुवायची, पुसायची आणि ठेवून द्यायची, हे माझ्या हाताला लागलेलं आहे. त्या रिकाम्या कार्ट्रिजचंही मी तेच केलं. बारीक ब्रशनं खाचा साफ केल्या, वाळवली आणि डब्यात ठेवली. चालवून बघायला एक लागतेच, असा माझा विचार. पण त्याच डब्यात उघडून न वापरलेल्या भरलेल्या कार्ट्रिजही असायच्या. नव्या कार्ट्रिजवर रंगीत पट्टी असते, ती एकदा काढली की बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते. नीट बघितलं तर फरक कळतो. रिकामीच्या खाचांतून प्लास्टिकचे बारीक दात वर आलेले असतात. पण नीट बघायला पाहिजे.

एका ऑपरेशनला टेक्निशियननं बघितलं नाही. रोहिणखेडकडचे एक आजोबा होते, त्यांचं आतड्याचं काम होतं. मी मोरीवर होते, मधलं दार लोटलेलं. साहेबांचा आवाज आला, "जाम झालंय हे. हलत नाही." मग आणखी मोठा आवाज आला. मग ट्रे आपटल्याचा. शेवटी त्यांनी हातानं शिवलं, वेळ लागला, आजोबा बरे झाले आणि घरी गेले.

हत्यारं धुवायला आली तेव्हा मी जबडा उघडला आणि कार्ट्रिज उजेडात धरली. प्लास्टिकचे दात वर आलेले. माझ्याच हातानं धुतलेली रिकामी कार्ट्रिज होती ती. स्टेपलर जाम झालंच नव्हतं. ते अडलं होतं, जसं अडायला पाहिजे तसं. त्या आजोबांचं पोट त्या पत्र्याच्या जिभेनं वाचवलं होतं, आणि शिव्या तिनंच खाल्ल्या होत्या.

मी टेक्निशियनकडं गेले. तो हातमोजे काढत होता.

"भाऊ, ती कार्ट्रिज खाली होती, रिकामी. मीच धुऊन डब्यात ठेवली. मले फेकाले पाह्यजे होती. मशीन बरोबर अडली."

त्यानं आधी दाराकडं बघितलं. "मावशी, हळू बोला. धुतली तुमी, पण लावली कोनं? म्या. मंग साहेब कोनाले झोडपतीन?"

"मले झोडपू दे. मी सांगीन त्याहिले."

"काही सांगू नका. साहेब म्हणाले मशीन जाम झाली, तर झाली. मशीनले काही राग येत नाई."

तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायलाच पाहिजे. सक्शनची मोटर बंद पडली तर तो स्कूटरचा रबर बसवून चालू करायचा. हत्यारं वाफेनं शुद्ध करायच्या ऑटोक्लेव्हच्या झाकणातून वाफ गळायची, ती त्यानं थांबवली होती. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार म्हटलं की हा एका तासात काम करून द्यायचा, आणि साहेब त्याच्या पाठीवर थाप मारायचे. त्या थापेची त्याला सवय झाली होती. आणि साहेबांनी त्या दिवशी रागात सांगितलं होतं, "परत जर हे अडकलं तर मशीन आणि तू, दोघंही बाहेर."

मी त्या दिवशी दोन रिकाम्या कार्ट्रिज डब्यातून काढल्या आणि माझ्या मोरीवरच्या खणात वेगळ्या ठेवल्या. मला वाटलं, माझी चूक होती, ती मी दुरुस्त केली, आता संपलं.

दोन दिवसांनी दुपारी तो खिडकीत बसलेला दिसला. टेबलावर कापड अंथरलेलं, स्टेपलर उघडं, हातात घड्याळवाल्यांकडं असते तशी बारीक कानस. मला बघून म्हणाला, "या मावशी. आता अडते का पाहा."

मी पाहिलं. मोरीवर नेलं, रिकामी कार्ट्रिज लावली, जबड्यात ओल्या गॉजची घडी धरली आणि ढकललं. अंगठा सरळ शेवटपर्यंत गेला. काही थांबलं नाही, काही टोचलं नाही. गॉजचे दोन तुकडे झाले. पिन एकही नाही.

मी तशीच परत गेले आणि ते दोन तुकडे त्याच्या कापडावर ठेवले.

"हे काय केलं तुमी?"

"मोकळं केलं. आत एक पत्रा मधातच येत होता."

"तो येण्यासाठीच होता. खाली असलं की आडवा यायसाठी."

"मावशी, खाली लावाचंच काऊन? भरलेली लावाची. मंग पत्रा कायले पाह्यजे?"

"मांगच्या टायमाले काय लावली होती?"

तो हसला. रागावला नाही, हसला, याचाच मला जास्त राग आला. "तुमी चौथी शिकल्या की पाचवी? डॉक्टर होऊन जा आता. साहेबाले म्हणतो, मावशीले एक अ‍ॅप्रन द्या."

मी म्हटलं, "पुन्हा बसवता येते का तो पत्रा?"

"घासला तो. घासलेलं बसते काय?"

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. समोर औषध कंपनीचा माणूस बॅग उघडून बसलेला, साहेबांच्या कानाला फोन. मी म्हटलं, "साहेब, स्टेपलरची ती पत्र्याची जीभ टेक्निशियननं घासून टाकली. आता ते रिकामं असलं तरी चालते."

साहेबांनी फोनवर हात धरला. "मावशी, ते तो बघतो. त्याचं काम त्याला करू द्या. तुम्ही धुवा."

बावीस वर्षांत मला कोणी इतकं साधं वाक्य इतकं लागेल असं म्हटलं नव्हतं. मी धुतच होते. धुताना दिसलं म्हणून तर सांगायला आले होते. ओटीत सगळ्यांना हत्यार दिसतं ते दोन-चार मिनिटं, रक्तात बुडालेलं आणि घाईत. मला दिसतं ते धुतलेलं, उजेडात, निवांत. त्यातली खोट कोणाला आधी कळणार? पण खोट सांगायला माणूस बराच शिकलेला असावा लागतो, असं दिसतं.

सिस्टरांनाही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशी, मला यात घेऊ नका. माझी पोरगी बारावीला आहे." पोरीच्या बारावीचा आणि त्या पत्र्याचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. वडनेर भोलजीची एक बाई, पन्नाशीची, आठवडी बाजारात मेथी-पालक विकणारी. तिच्या आतड्यात गाठ होती, तेवढा भाग काढून आतडं जोडायचं होतं. त्याच दुपारी मी वॉर्डात चादरी द्यायला गेले तर ती कॉटवर मांडी घालून बसलेली, शेजारणीशी बोलत होती.

"मायं मशीनीनं करणार हायेत," ती मला म्हणाली. "आमच्या गल्लीत कोनाचं मशीनीनं झालं नाई. माया जावंचं झालं थे हातानंच शिवलं होतं."

"कोनं सांगतलं मशीनीनं?"

"तो दादा हाये ना ओटीतला, त्यानं. म्हणे एका मिनिटात होते. काऊन वं माय, तुमचं तोंड काऊन असं झालं? दुखते काय मशीनीनं?"

मी म्हटलं, "दुखत नाई. बेशुद्ध असता तुमी."

"मंग बरं. मले तं वाटलं तुमी भ्या दाखवाले आल्या."

मी चादर दिली आणि बाहेर आले. तिला खरं सांगायला पाहिजे होतं का? सांगून तिनं काय केलं असतं? घाबरून घरी गेली असती आणि गाठ वाढली असती. साहेबांचा हात चांगला होता, ऑपरेशन तिला पाहिजेच होतं. फक्त ते स्टेपलर तिच्या पोटात जायला नको होतं. लपवून ठेवावं असंही मनात आलं. पण मग मी चोर ठरले असते, त्यांनी शोधून काढलं असतं आणि ते तसंच वापरलं असतं.

भरलेली कार्ट्रिज लावली तर काही होणार नव्हतं, हे मलाही समजत होतं. पण मोठ्या ऑपरेशनला दोन-तीन कार्ट्रिज लागतात. एक काढायची, दुसरी घालायची, काढलेली तिथंच ट्रेत पडते. साहेब ओरडत असतात, हात ओले असतात. काढलेलीच परत घातली गेली तर? जीभ घासण्याआधी घातली गेली असती तर स्टेपलर अडलं असतं. आता अडणार नव्हतं. त्याच माणसानं एकदा ती चूक केली होती, मीही केली होती, आणि आम्ही दोघंही उद्या तिथं असणार होतो.

सकाळी सात वाजता मी खाटकाकडं गेले. बकऱ्याचं आतडं मागितलं, हातभर.

तो म्हणाला, "कुत्र्याले टाकाले?"

मी म्हटलं, "डॉक्टरले दाखवाले."

"बकरं मेलं ना आता. आता डॉक्टर काय करीन?" असं म्हणून त्यानं कागदात बांधून दिलं.

ओटीत मी काही नेलं नाही, हे नीट लक्षात घ्या, कारण पुढं माझ्यावर तोच आरोप आला. ओटीच्या बाहेर, मागच्या ओट्यावर, जुना पोचे आलेला ट्रे मांडला. आतडं मी मुद्दाम धुतलं नव्हतं. स्टेपलर डब्यातून काढायचं काम माझंच, ते काढलं, खणातली रिकामी कार्ट्रिज लावली आणि साहेबांची वाट बघत उभी राहिले. साहेब दहाच्या सुमारास मागच्या दारानंच यायचे. टेक्निशियन आधीच आला होता, तो दारात उभा राहून म्हणाला, "हे काय मांडलं मावशी? मटणाची पार्टी हाये काय?"

साहेब आले. मी आतडं जबड्यात धरलं, दाबलं आणि ढकललं.

सर्रकन गेलं. आतडं दोन तुकडे होऊन ट्रेत पडलं आणि दोन्ही तोंडांतून हिरवी-काळी घाण बाहेर आली. वास सुटला. मी एक तोंड बोटांनी पसरून दाखवलं. पिन नाही.

साहेबांनी बॅग खाली ठेवली. हातमोजे चढवले, स्टेपलर माझ्या हातातून घेतलं, उरलेला तुकडा धरला आणि स्वतः ढकललं. पुन्हा तेच. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला तो मी बघितला. त्यांना शिकवावं लागलं नाही, काय बघतोय ते त्यांना कळत होतं.

"कुणी केलं हे?"

टेक्निशियन म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणाले होते ना, परत अडकलं नाही पाहिजे."

"मी असं करायला सांगितलं होतं का?"

"अडकलं नाही पाहिजे म्हणाले होते."

मला वाटलं, आता साहेब बोलतील. कोणाचं काय चुकलं ते काढतील, माझंही काढतील, माझी तयारी होती. मी तोंड उघडलंही, "साहेब, ती खाली कार्ट्रिज मीच—"

साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "मावशी, ओटीच्या दारात मटण आणायची अक्कल कोणी दिली तुम्हाला? इन्फेक्शन म्हणजे काय माहीत आहे? हे सगळं उचला, ओटा फिनाइलनं दोनदा धुवा."

मी उचललं. दोनदा नाही, तीनदा धुतलं.

त्या बाईचं आतडं साहेबांनी हातानं शिवलं. स्टेपलर आत गेलंच नाही, मी दारातून बघत होते. वेळ बराच लागला. तिच्या सासूनं बाहेर टेक्निशियनला विचारलं, "एवढा टाइम काऊन लागला, दादा?" तो म्हणाला, "मशीन सर्व्हिसिंगले गेली." आठ-दहा दिवसांनी बाई घरी गेली. जाताना माझ्याशी जरा फुगूनच होती. "शेवटी हातानंच शिवलं मायं," म्हणाली, "जावंसारखंच." सासूनं पेढे वाटले, साहेबांना, सिस्टरांना, टेक्निशियनला. त्यानं दोन घेतले. मलाही दिला, मी खाल्ला. पेढ्याचा काही दोष नव्हता.

मी साहेबांना दोनदा म्हटलं की ते स्टेपलर फेकून द्या. ते म्हणाले, कंपनीकडं पाठवायचं आहे. ते कपाटात गेलं. कोणाला काही बोलणी बसली नाहीत, टेक्निशियन होता तिथं राहिला, मी होते तिथं राहिले. फरक एवढाच झाला की मी काही बोलायला गेले की लोक मटणाची गोष्ट काढून हसायचे. सिस्टरसुद्धा. "मावशी, आज काय आणलं दाखवायला?"

महिना-दीड महिना गेला. माझ्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं संग्रामपूरला, मी चार दिवस सुट्टी घेतली. परत आले त्या दिवशी सकाळी मोरीवर आदल्या संध्याकाळचा ट्रे भिजत घातलेला होता. पाण्यात हात घातला आणि पहिल्यांदा हाताला लागलं ते स्टेपलर. रक्त लागलेलं.

तेच होतं. कानशीच्या खुणा मला बोटानं कळत होत्या.

मी टेक्निशियनला बोलावलं. तो आधी म्हणाला, दुसरं आहे. मग म्हणाला, "मावशी, नवी कार्ट्रिज होती. दोनदा पाह्यली. काही झालं नाई, पेशंट झ्याक हाये, जाऊन पाहा."

"साहेबाले माहीत हाये?"

"साहेबानंच मागतलं. घाई होती."

मी वॉर्डात जाऊन बघितलं. पेशंट खरंच बरा होता, तरणा माणूस, बायको त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. तो बरा होता म्हणून माझा राग कमी व्हायला पाहिजे होता. तो वाढला. आता त्यांना खात्रीच झाली होती की यानं काही होत नाही. माझा ओटा, ते आतडं, साहेबांचा उतरलेला रंग, सगळं त्यांच्या दृष्टीनं जाऊन पुसलं गेलं होतं.

मी मोरीवर परत आले. स्टेपलर स्वच्छ धुतलं. रिकामी कार्ट्रिज लावून एकदा ढकललं, अजूनही गेलं. मागच्या ओट्यावर नेलं. मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक दगड ठेवलेला असायचा, तो उचलला आणि चार घाव घातले. पहिल्या घावाला जबडा वाकला, चौथ्याला बटण तुटून उडालं. ते शोधून आणलं. सगळं ट्रेत ठेवलं, वरून कापड घातलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बाकावर पेशंट बसलेले होते. दार उघडंच होतं.

साहेबांनी कापड उचललं. "पडलं का?"

"नाही. मोडलं. दगडानं."

त्यांनी उठून दार लोटलं. खुर्चीत बसून जरा हळू म्हणाले, "मावशी, पडलं असं म्हणा. वय झालं तुमचं, हातातून सुटलं. मीही तेच म्हणेन. विषय संपेल."

ते मला सांभाळून घेत होते, हे मला कळत होतं. पण कानशीच्या वेळीही असंच सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. त्यानं मला, मी गप्प राहून त्याला, साहेबांनी आम्हा दोघांना आणि स्वतःलाही. सांभाळलं गेलं नव्हतं ते फक्त कॉटवर झोपलेलं माणूस.

मी म्हटलं, "साहेब, माझ्या हातातून बावीस वर्षांत कात्री पडली नाही. मुद्दाम मोडलं. काऊन मोडलं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच मला शिकवलं होतं."

साहेबांनी ट्रेवर परत कापड घातलं. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"नाही येत," मी म्हटलं.

मोरीवरची राहिलेली हत्यारं मी धुऊन, बघून, पुसून ठेवली, कारण ती दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी कामाला येणार होती. डबा आणि पातळाची पिशवी घेतली. टेक्निशियन जिन्यापाशी उभा होता. म्हणाला, "मावशी, एवढं कराची काय गरज होती? मी नीट करून दिलं असतं थे."

मी म्हटलं, "घासलेलं बसते काय?"

मी स्टँडकडं चालत गेले. ते स्टेपलर आता कोणाच्या पोटात जाणार नाही, एवढं माझ्या हातून झालं. त्याच्यापुढं त्या दवाखान्यात दुसऱ्या कोणी काही सुधारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.